रक्त चढवताना बाळाचं दूध का थांबवतात?

मी तुमच्याच भागातली बचत गटांची समन्वयक बोलतेय. मागच्या वेळी आपण गटाच्या वह्या आणि हिशोब यांवर बोललो होतो. आजचा विषय अगदी वेगळा आहे. कमी दिवसांचं बाळ दवाखान्यात काचेच्या पेटीत असतं, नळीने थेंब थेंब दूध घेत असतं, आणि एक दिवस डॉक्टर म्हणतात, "बाळाला रक्त चढवावं लागेल." पाठोपाठ सिस्टर येऊन सांगतात, "आता दूध आणू नका, फीडिंग बंद ठेवलंय." त्या दोन शब्दांनी आईच्या मनात काय काय होतं, त्यावर आज बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, हा डॉक्टरांचा विषय, त्यात गटाच्या ताईचं काय काम? तर सांगते. गटाच्या वहीत कर्ज कशासाठी घेतलं तो एक रकाना असतो. शेळी, शिलाई मशीन, मुलाची फी, बियाणं ही तिथली नेहमीची कारणं. त्या रकान्यात आता 'बाळ काचेत' हे दोन शब्दही अधूनमधून येतात. अशा घरी मी जाते, बसते, ऐकते. आणि रक्ताचा विषय निघाला की ठरलेली तीन वाक्यं कानावर पडतात. पहिलं, "माझं दूध बाळाला बाधलं, म्हणून बंद केलं." दुसरं, "अंगात रक्त चाललेलं असताना दूध चालत नाही म्हणे." तिसरं जरा रागाने, "त्या दवाखान्यात रक्त देताना दूध चालू होतं, इथे मात्र उपाशी ठेवलं." ही तीन वाक्यं घेऊन मी एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरताईंकडे गेले, बाळांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढलेल्या एका सिस्टरना भेटले, आणि बाकीचं वाचून घेतलं. आज जे सांगणार आहे ते त्यातलंच. मी डॉक्टर नाही. तुमच्या बाळाचा निर्णय तुमच्या बाळाचे डॉक्टरच घेणार. पण ते काय करतायत आणि का, हे आईला कळायला काय हरकत आहे?

आधी रक्त का लागतं ते पाहू. पूर्ण ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण कमी दिवसांचं म्हणतो. त्यातली २८, ३० आठवड्यांची बाळं फार नाजूक असतात. आईच्या पोटातल्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला लोह मिळतं, अंगात रक्त भरतं. या बाळांना तो काळच मिळालेला नसतो. शिवाय आपल्या मोठ्या माणसांच्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, या बाळांच्या त्याच्या निम्म्यानेही टिकत नाहीत. नवीन पेशी बनवायचा शरीराचा कारखाना नुकता कुठे सुरू होत असतो. आणि एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे तपासण्या. एक किलोच्या बाळाच्या सगळ्या अंगात मिळून रक्त असतं ८० ते १०० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका छोट्या कपाएवढं. त्यातून तपासणीसाठी एक मिलिलिटर काढलं, तरी शंभरातला एक भाग गेला. तपासण्या तर कराव्याच लागतात. म्हणून जन्मल्यावर दोन-चार आठवड्यांत अशा बाळाचं हिमोग्लोबिन उतरत जातं आणि ठरावीक आकड्याच्या खाली गेलं की रक्त द्यावं लागतं. यात आईच्या खाण्यापिण्याचा दोष शोधत बसू नका. आई ॲनिमिक असेल तर तिने लोहाच्या गोळ्या घ्याव्यातच, पण बाळाला रक्त लागलं ते मुख्यतः ते लवकर आलं म्हणून.

किती रक्त देतात? वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते २० मिलिलिटर. एक किलोच्या बाळाला १५ मिलिलिटर धरा, म्हणजे चहाचे तीन चमचे. तेवढंच, पण तीन-चार तास लावून, मशीनच्या सिरिंजने अगदी सावकाश. बाहेर उभ्या असलेल्या आजोबांना वाटतं की बाटलीभर रक्त चाललंय. त्यांना हे तीन चमचे सांगा, धीर येतो.

आणखी दोन शंका इथेच निस्तरते. रक्त बाळाला द्यायचं, मग आईचं रक्त तपासायला कशाला घेतात? तर आईच्या रक्तातले काही घटक वारेतून बाळाच्या रक्तात आलेले असतात, म्हणून पिशवी जुळते की नाही हे बघताना आईचा नमुनाही लागतो. दुसरी शंका बाबांची, मामाची. "आमचंच रक्त घ्या, परक्याचं नको." भावना चांगली आहे, पण जवळच्या नात्यातलं रक्त इतक्या लहान बाळाला तसंच देणं उलट धोक्याचं ठरू शकतं. त्यावर आधी किरणांची वेगळी प्रक्रिया करावी लागते. त्यापेक्षा रक्तपेढीचं तपासलेलं रक्त बरं. बऱ्याच ठिकाणी एकाच दात्याच्या रक्ताच्या छोट्या छोट्या पिशव्या करून ठेवतात, म्हणजे पुन्हा रक्त लागलं तरी त्याच दात्याचं देता येतं. मामाला रक्त द्यायचंच असेल तर त्याने रक्तपेढीत जाऊन द्यावं, दुसऱ्या कुणाच्या बाळाला लागेल. आणि सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाला रक्त मोफत मिळतं, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात. ही योजना २०११ सालापासून आहे, नंतर ती वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली. औषधं, तपासण्या, गाडीसुद्धा त्यात येते. कुणी पैसे मागितले तर पावती मागा, आशाताईंना सांगा.

आता दुधाकडे येऊ. ३४ आठवड्यांच्या आतल्या बाळाला ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ घालता येत नाही. म्हणून नाकातून किंवा तोंडातून पोटात एक बारीक नळी घालतात आणि दर दोन किंवा तीन तासांनी आईचं काढलेलं दूध त्यातून सोडतात. सुरुवात एक-दोन मिलिलिटरने होते. रोज थोडं थोडं वाढवत नेतात. एक किलोचं बाळ पूर्ण दुधावर आलं की दिवसाला १५० मिलिलिटरच्या आसपास दूध घेतं, म्हणजे दर दोन तासांनी बारा-तेरा मिलिलिटर. तिथवर पोचायला आठवडा, दोन आठवडे लागतात. त्या वॉर्डातल्या आयांना विचारा, त्या मिलिलिटरमध्येच बोलतात. "आज माझं आठवर गेलं," असं एकमेकींना सांगतात. आठवरून एकदम शून्यावर आलं की काय वाटत असेल?

मग थांबवतात का? भीती एका आजाराची आहे. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, डॉक्टर थोडक्यात 'एनईसी' म्हणतात. यात कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्याला सूज येते, आतड्याचा काही भाग मरतो, कधी भोकही पडतं. पोट फुगतं, नळीतून हिरवट पाणी येतं, शीत रक्त दिसतं, बाळ मलूल होतं, श्वास घ्यायचं विसरतं. बहुतेकदा जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात हा आजार डोकं वर काढतो, म्हणजे बाळ जरा सावरलंय असं वाटायला लागतं तेव्हाच. दूध पूर्ण बंद, अँटिबायोटिक्स, आणि काही बाळांना ऑपरेशन. काही बाळं हाताला लागत नाहीत. म्हणून नवजात बाळांचे डॉक्टर या आजाराला फार भितात, आणि ते रास्तच आहे.

गेल्या वीसेक वर्षांत वेगवेगळ्या देशांतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ज्या बाळांना हा आजार झाला, त्यांच्यातल्या काहींना त्याच्या आधीच्या ४८ तासांत रक्त दिलेलं होतं. मग विचार सुरू झाला. बाळाने दूध घेतलं की ते पचवायला आतड्याकडे जास्त रक्त जातं. आपलंही जेवणानंतर तसंच होतं. बाळाचं रक्त कमी आहे, आतड्याला आधीच ऑक्सिजन कमी पडतोय. त्यात एकदम नवीन रक्त आलं, आणि वर दुधाचं कामही आलं. एवढा भार त्या कोवळ्या आतड्याला झेपला नाही तर? म्हणून काही दवाखान्यांनी नियम केला, रक्त देताना दूध थांबवायचं. कुठे फक्त रक्त चालू असेपर्यंत, कुठे एक-दोन वेळचं, तर कुठे आधी चार तास, रक्ताचे चार तास आणि नंतर चार तास असे मिळून बारा तास. दर दोन तासांनी दूध घेणाऱ्या बाळाचे त्यात सहा फेरे चुकतात.

तेव्हा ते पहिलं वाक्य, "माझं दूध बाधलं", आजपासून मनातून काढून टाका. दूध थांबवलं ते दूध वाईट आहे म्हणून थांबवत नाहीत. उलट हा आजार टाळण्यासाठी आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, पावडरच्या दुधावरच्या बाळांमध्ये तो जास्त दिसतो. डॉक्टर आतड्याला काही तास विसावा देतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि दुसऱ्या वाक्याबद्दल, रक्त आणि दूध यांची गाठ पडतच नाही. रक्त शिरेतून जातं, दूध पोटात. दोन्हींच्या वाटा वेगळ्या.

आता तिसरं वाक्य, रागाचं. एका दवाखान्यात चालू, दुसऱ्यात बंद, मग चूक कोणाची? मैत्रिणींनो, मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नियम सगळीकडे एकच नाही, कारण खुद्द जाणकारांमध्येच यावर दोन मतं पडली. अमेरिकेतल्या अटलांटा शहरात दीड किलोच्या आतल्या जवळपास ६०० बाळांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ साली आला. त्यात दिसलं की आतड्याच्या आजाराचा संबंध रक्त देण्याशी दिसत नाही, तर हिमोग्लोबिन आठ किंवा त्याच्याही खाली जाण्याशी, म्हणजे फार रक्त कमी होण्याशी दिसतो. म्हणजे बघा, ज्याला आपण चोर समजत होतो तो कदाचित नुसताच तिथे उभा होता. रक्त दिलं म्हणून आजार झाला, की आतडं आधीच तहानलेलं होतं म्हणून रक्तही द्यावं लागलं आणि आजारही झाला? आमच्या गावाकडचं उदाहरण द्यायचं तर, टँकर येतो त्याच गावात विहिरी आटलेल्या दिसतात, म्हणून काही टँकरने विहिरी आटवल्या असं होत नाही.

मग दूध थांबवल्याने फायदा होतो का, हे नीट तपासायचं कसं? त्याची रीत अशी, की काही बाळांचं थांबवायचं, काहींचं चालू ठेवायचं, कोणाचं काय ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, आणि दोन्हीकडे काय होतं ते बघायचं. जगभरच्या अशा चाचण्या गोळा करून तपासणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. तिच्या २०१९ च्या आढाव्यात या प्रश्नावर निकषांत बसणारी एकच चाचणी सापडली, तीही फक्त २२ बाळांची. बावीस बाळांवरून अख्ख्या जगाचा नियम कसा करणार? आढाव्यानेही तेच म्हटलं, एवढ्यावरून ठरवता येत नाही. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनीला एक चाचणी झाली. बाळाच्या पोटावर प्रकाशाचा सेन्सर लावून आतड्याला किती ऑक्सिजन मिळतोय ते मोजलं. दूध चालू असलेल्या, कमी केलेल्या आणि थांबवलेल्या बाळांमध्ये फरक आढळला नाही. पण तीही चाचणी लहानच. ब्रिटनमध्ये मग फार मोठी चाचणी हाती घेतली, 'व्हीट' नावाची, ३० आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी. इतक्या डॉक्टरांना असं चिठ्ठी टाकून बघावंसं वाटलं, यावरूनच तुम्ही ओळखा की प्रश्न किती अटीतटीचा आहे.

आणि थांबवण्याचीही किंमत असते बरं. बारा तास पोटात काही नाही, तर साखर उतरू नये म्हणून शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. रक्त चाललेल्या नळीतून ग्लुकोज सोडत नाहीत, म्हणजे आणखी एक शीर शोधा, आणखी एक सुई. त्या बाळाच्या शिरा आपल्या शिवणाच्या दोऱ्याएवढ्या. प्रत्येक सुई म्हणजे दुखणं आणि जंतूंना एक दार. पूर्ण दुधावर यायला तेवढा उशीर होतो. तेव्हा चालू ठेवणारे डॉक्टर निष्काळजी नसतात आणि थांबवणारे निर्दयी नसतात. दोघंही त्याच बाळाचं आतडं सांभाळायला बघतात. बाळाचं वजन, दिवस, हिमोग्लोबिन किती उतरलंय, आधी पोट फुगलं होतं का, असं सगळं बघून ते ठरवतात.

आमच्या एका गटातल्या मावशींच्या सुनेची गोष्ट सांगते, त्यांना विचारूनच सांगतेय. २९ आठवड्यांचं बाळ, अकराशे ग्रॅम. आधी खासगी दवाखान्यात होतं. तिथे पहिल्यांदा रक्त दिलं, दूध चालूच होतं. दहा-बारा दिवसांत पैसे संपले, बाळाला सरकारी दवाखान्यात हलवलं. तिथे दुसऱ्यांदा रक्त लागलं आणि त्यांच्या नियमाप्रमाणे दूध थांबवलं. मावशी संतापल्या. "फुकटचं आहे म्हणून उपाशी ठेवतात," म्हणाल्या. बाळाच्या आजोबांनी तर बाळाला उचलून घरी न्यायची भाषा केली. सिस्टर कामात, डॉक्टर राऊंडला, समजावून सांगायला कोणी थांबलं नाही. माझं म्हणणं असं, की दोन वाक्यं बोलायला दोन मिनिटं लागतात आणि ती दोन मिनिटं औषधाइतकीच कामाची असतात. पण एका सिस्टरच्या वाट्याला किती बाळं असतात तेही मी तिथे डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे फार बोलवत नाही.

बाळ सुखरूप राहिलं. नुकसान झालं ते दुसरीकडेच. सून दुपारपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दूध काढायची थांबली. "बाळाला द्यायचंच नाही तर काढू कशाला, मोरीत ओतायला?" असं तिचं म्हणणं. रात्रीतून छाती दगडासारखी झाली, कणकण आली. आणि नंतर दूध निम्म्यावर आलं. बाळाचं फीडिंग चालू झालं तेव्हा आईकडेच दूध पुरेना. पुन्हा पहिल्यासारखं यायला आठवड्याच्या वर गेला, तोही त्या वॉर्डातल्या सिस्टरनी रोज पाठीशी लागून काढून घेतलं म्हणून.

तर मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. फीडिंग बंद झालं ते बाळाचं. आईचं दूध काढणं बंद करायचं नाही. एक वेळही चुकवायची नाही. दूध हे विहिरीच्या झऱ्यासारखं असतं, उपसलं तरच येतं. छाती भरलेली राहिली की शरीराला निरोप जातो, आता कमी बनवा. दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, म्हणजे दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, काढायचं. घरच्यांनी बाळंतिणीला रात्री झोपू द्यावं ही माया समजते, पण रात्रीचं एक काढणं चुकवू नका. हात साबणाने धुवा, उकळलेल्या स्टीलच्या वाटीत किंवा दवाखान्याने दिलेल्या डब्यात हाताने दाबून काढा. पंप असलाच पाहिजे असं नाही, सिस्टर हाताने काढायला शिकवतात. डब्यावर नाव, तारीख, वेळ लिहा. उन्हाळ्यात दूध बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका. वॉर्डात फ्रीज असेल तर त्यात किती वेळ चालतं ते सिस्टरना विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम असतो. रक्त देऊन झालं, फीडिंग सुरू झालं की हेच दूध बाळाच्या नळीतून जाणार आहे. ओतून द्यायचं काहीच नाही.

फारच जास्त येत असेल तर दूधपेढी आहे का ते विचारा. रक्तपेढीसारखी दुधाचीही पेढी असते, हे आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा बायका हसल्या होत्या. आशियातली पहिली मानवी दूधपेढी आपल्याच मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. ज्या बाळाच्या आईला दूध नाही, त्याला दुसऱ्या आईचं तपासलेलं, पाश्चराइज केलेलं दूध तिथून मिळतं. पूर्वी गावात एखादी बाळंतीण गेली की शेजारची बाई बाळाला छातीशी घ्यायची, आठवतंय ना? त्याचीच ही नीट तपासून, नोंद ठेवून केलेली रीत.

दूध बंद असलेल्या त्या तासांत आई आणखी काय करू शकते, हेही मी विचारलं. काही ठिकाणी दूध बंद असतानाही काढलेल्या चिकाचे एक-दोन थेंब बाळाच्या गालाच्या आतून लावतात. ते पोट भरण्यासाठी नसतं, जंतूंशी लढायला मदत व्हावी म्हणून असतं. तुमच्याकडे करतात का ते विचारा, पण सिस्टरना न सांगता आपल्या मनाने काहीही बाळाच्या तोंडात घालू नका. मी हे जरा जोर देऊन सांगतेय, कारण मधाचं बोट, गुटीचं चाटण, सटवाईचा अंगारा हे सगळं पदरात लपवून आत नेलेलं मी ऐकलंय. पाचवीची पूजा बाळ घरी आल्यावर करा, सटवाई काही रागावत नाही. मध तर वर्षाच्या आत कोणत्याच बाळाला नको.

बाळाला छातीशी घेता येतं का तेही विचारा. कांगारू पद्धत आपल्या भागात आता बऱ्याच जणींना माहीत आहे. बाळ उघडं, फक्त टोपी आणि लंगोट, आईच्या उघड्या छातीवर, वरून कापड. ही पद्धत १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. आता ती पेट्या असतानाही करतात, कारण बाळं तिने जास्त जगतात. रक्त चालू असताना छातीशी द्यायचं की नंतर, हे बाळाच्या तब्येतीवर ठरेल. पण "आज दूध नाही, तर आजीबाई तुम्ही सगळे घरी जा" असं मनाने ठरवून आईने निघून जाऊ नये. बाळाला तिचा वास, आवाज, हात हवाच असतो. आणि छातीशी बाळ असलं की दूधही जास्त उतरतं.

रक्त दिल्यानंतरचे दोन दिवस डोळे उघडे ठेवा. पोट ताणलेलं, चकचकीत दिसतंय, नळीतून हिरवं येतंय, शीचा रंग बदललाय, रक्ताची रेघ आहे, बाळ नेहमीसारखं हलत नाही, असं काही वाटलं तर लगेच सिस्टरना सांगा. "मी अडाणी, मला काय कळतंय" म्हणून गप्प बसू नका. तासन्‌तास बाळ छातीवर असलेल्या आईला बदल सगळ्यांच्या आधी जाणवतो, हे त्या सिस्टरनीच मला सांगितलं.

डॉक्टरांना विचारायचं कसं, असा प्रश्न आमच्या बैठकीत आला. भांडणाच्या सुरात विचारलं तर भांडणच मिळतं. सरळ विचारा, "डॉक्टर, रक्त देताना दूध थांबवणार का? किती वेळ? पुन्हा किती मिलिलिटरपासून सुरू करणार? तोवर मी काढलेलं दूध कुठे ठेवू?" चार वाक्यं. पाठ होत नसतील तर कागदावर लिहून न्या, सून दहावी झालेली असते, तिला लिहू द्या. आधीच्या दवाखान्याचे कागद सोबत न्या, पहिल्यांदा रक्त कधी दिलं, तेव्हा दूध चालू होतं का, पोटाला काही झालं होतं का, हे नव्या डॉक्टरांना कामाचं असतं. आणि कितीही राग आला तरी बाळाला सही करून घरी न्यायचं नाही. बारा तास दुधाविना बाळ दवाखान्यात राहतं, शिरेतून साखर मिळते. घरी तसं होणार नाही.

गटांनी काय करावं? आमच्या एका ग्रामसंघाने जोखीम निधीतून अशा आईच्या जेवणाचा आणि जाण्यायेण्याचा खर्च करायचा ठराव घेतला. त्याला आधी विरोध झाला, "हा निधी यासाठी नाही" म्हणून. मी नियम वाचून दाखवला, घरातलं आजारपण ही जोखीमच आहे. ठराव झाला. त्याहून मोठी गोष्ट बायकांनी आपसात केली, पाळी लावली. रोज एक जण डबा घेऊन जायची आणि आई दूध काढत असताना शेजारी बसायची. दूध काढायला मन शांत लागतं, आणि वॉर्डाच्या बाहेरच्या बाकड्यावर एकटीला ते कुठून यायचं? अळिवाची खीर, डिंकाचे लाडू न्या जरूर. पण सासूबाईंनी शेजारी बसून "आमच्या वेळी असं नव्हतं" हे पुराण लावू नये, एवढं मी हात जोडून सांगते.

आणि ज्यांच्या घरी अजून बाळंतपण व्हायचंय त्यांच्यासाठी एक. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच न कापता निदान मिनिटभर थांबलं तर वारेतलं रक्त बाळाला मिळतं, आणि कमी दिवसांच्या बाळांना पुढे रक्त चढवायची गरज कमी पडते. जागतिक आरोग्य संघटनाही थांबायला सांगते. बाळाला लगेच श्वासाची मदत लागली तर गोष्ट वेगळी. पण तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

आज वेळ संपत आलीय. दूध काढणं हाताने कसं करायचं हे बोलून नीट समजत नाही, म्हणून पुढच्या गुरुवारी ग्रामसंघाच्या बैठकीत आशाताई ते करून दाखवणार आहेत. गरोदर सुना-मुलींना घेऊन या, सासवांनीही या. पुढच्या भागात बाळ घरी आल्यानंतरचं बोलू, बोंडलं वापरायचं की वाटी-चमचा, आणि वजन कधी कधी बघायचं ते. काही विचारायचं असेल तर तुमच्या गटाच्या सचिवाकडे चिठ्ठी द्या, नाव लिहिलं नाही तरी चालेल. नमस्कार.